जोडरेघ, तिरकी रेघ आणि एक-चौदाचा उतारा

गोव्यात जमिनीचा कोणताही व्यवहार करायचा तर पहिला कागद लागतो तो एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद. त्याच्या इंग्रजी नावातला 'आणि' हा शब्द बहुधा & या चिन्हाने लिहितात आणि स्कॅनरवर बसलेला कारकून कागदावर जे दिसते तेच फाइलीच्या नावात उतरवतो. फोंडा तालुक्यातील एका संस्थेसाठी मी काही काळापूर्वी एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. स्कॅन केलेल्या फाइली एका फोल्डरमधून उचलायच्या, त्यांचा आकार कमी करायचा आणि गावानुसार व सर्व्हे क्रमांकानुसार लावून ठेवायच्या, एवढेच त्याचे काम. घरच्या लिनक्सवर तो सुरळीत चालला, कारण चाचणीच्या फाइलींना नावे मीच दिली होती आणि ती 'चाचणी१', 'चाचणी२' अशी सोज्वळ होती. संस्थेच्या विंडोजवर पहिल्याच संध्याकाळी तो अडला. काळ्या खिडकीत इंग्रजीत संदेश उमटला होता, त्याचा अर्थ असा, की 'चौदा' नावाची कोणतीही कमांड सापडत नाही.

घडले ते सरळ होते. आकार कमी करणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रामला हाक मारताना मी त्याचे नाव, ऑप्शन (काम कसे करायचे ते सांगणारे शब्द) आणि फाइलीचे नाव एकमेकांना चिकटवून एक सलग ओळ तयार केली होती व ती शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती दिली होती. 'एक & चौदा' या नावातले & पाहून विंडोजच्या शेलने तेथे एक कमांड संपली आणि दुसरी सुरू झाली असे मानले. लिनक्सच्या शेलनेही याहून फारसे वेगळे केले नसते. त्याने पहिला तुकडा पार्श्वभूमीत सोडून दिला असता आणि मग 'चौदा'चा शोध घेतला असता. संस्थेच्या कारकुनांनी मला नम्रपणे विचारले, "सर, आम्ही नावात हे चिन्ह घालणे बंद करायचे का?" मी क्षणभर 'हो' म्हणणार होतो. त्या 'हो'मध्ये काय दडलेले आहे, हे नंतर विचार करताना लक्षात आले आणि हा लेख त्याच विचारातून लिहिला आहे.

कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या खिडकीतल्या ओळीत, दिलेले ऑप्शन प्रोग्रामने कसे वाचावेत, हा प्रश्न आजवर कारागिराचा खासगी प्रश्न मानला गेला. प्रोग्राम चालला की झाले, आत कसे वाचतो ते कोण बघतो, अशी एकूण वृत्ती आहे. पण सरकारी खाती, पंचायती, सहकारी पतसंस्था, शाळा यांच्यासाठी जे प्रोग्राम लिहून घेतले जातात, त्यांचे जग एकसंध नसते. समोरच्या टेबलावर विंडोज असते, मागच्या खोलीतला किंवा दूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मांडीवर पुष्कळदा मॅक असतो. या तिन्ही ठिकाणी ओळ वाचण्याची रीत निराळी आहे. माझे म्हणणे एवढेच, की या निराळेपणाचे ओझे प्रोग्राम लिहिणाऱ्याने वाहिले पाहिजे. ते कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा नागरिकाच्या डोक्यावर ढकलण्याचा त्याला अधिकार नाही, आणि पैसा जनतेचा असेल तर ही गोष्ट करारात लिहून घेतली पाहिजे. ऑप्शन वाचणाऱ्या भागाचे मुख्य काम हुकूम कोणता आणि माहिती कोणती हे ओळखण्याचे आहे. ते त्याला जमत नसेल तर नावे बदलण्याची जबाबदारी लोकांवर का यावी?

आता हे निराळेपण कोठून आले ते पाहू. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्स आणि मॅक या दोहोंतही, टाइप केलेली ओळ फोडण्याचे काम शेल करतो. अवतरणचिन्हे कोठे सुरू झाली, कोठे संपली, रिकामी जागा कोणती खरी आणि कोणती नावातली, हे सगळे तो ठरवतो. तारकाचिन्ह आले तर त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावेही तोच घालतो. प्रोग्रामच्या हाती येते ती सुट्या शब्दांची यादी आणि त्या शब्दांची संख्या. विंडोजमध्ये नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या 'क्रिएटप्रोसेस' या फंक्शनला यादी देताच येत नाही. तेथे एकच सलग ओळ द्यावी लागते, तिची कमाल लांबी ३२,७६७ अक्षरे, आणि नेहमीच्या काळ्या खिडकीतून दिली तर ८,१९१. ती ओळ फोडायची कशी, हे ज्या प्रोग्रामला ती मिळाली त्याने आपापले ठरवायचे. या रीतीचे मूळ सीपी-एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जाते. त्यात कमांडच्या नावापुढचा मजकूर मेमरीतल्या एका ठरावीक जागी जसाच्या तसा ठेवला जाई. एमएस-डॉसने तीच जागा आणि तीच पद्धत उचलली, १२८ बाइटांची, पहिल्या बाइटमध्ये लांबी. तारकाचिन्हाचा विस्तारही विंडोजचा शेल करत नाही, तो प्रोग्रामने करायचा. दोन्ही पद्धतींना त्या त्या काळी कारणे होती. मात्र त्या कारणांची सावली आज फोंड्यातल्या एका टेबलावर पडते आहे.

ओळ फोडण्याचा जो नियम विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रामांत मायक्रोसॉफ्टच्या सी भाषेच्या लायब्ररीमुळे (तयार कोडच्या संचामुळे) आपोआप येतो, त्याची एक खोड जवळून पाहण्यासारखी आहे. उलटी तिरकी रेघ अवतरणचिन्हाच्या अगदी आधी आली तर ते अवतरणचिन्ह मजकुराचा भाग समजायचे, असा तो नियम आहे. समजा, कारकुनाने फोल्डरचा पत्ता असा दिला: "डी:\फोंडा उतारे\" आणि त्यापुढे --आउटपुट हा ऑप्शन व दुसऱ्या फोल्डरचे नाव लिहिले. पत्त्यात रिकामी जागा आहे म्हणून त्याने अवतरणचिन्हे घातली, ते बरोबरच केले. फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ ठेवली, तीही सवयीने; अनेक प्रोग्राम ती स्वतःच तशी लिहून देतात. पण शेवटची तिरकी रेघ आणि अवतरणचिन्ह शेजारी येताच ते अवतरण बंद होत नाही. पुढचा --आउटपुट हा ऑप्शन आणि त्यामागचे नाव, सगळे पहिल्याच पत्त्याच्या पोटात जाते. प्रोग्रामला वाटते की आपल्याला एकच भलेमोठे विचित्र नाव दिले आहे, आणि तो 'फोल्डर सापडला नाही' असे म्हणतो. हे पाहून कारकून फोल्डर शोधत बसतो. फोल्डर तर समोरच असतो.

जोडरेघ आणि तिरकी रेघ यांचे भांडण अधिक जुने आहे. युनिक्समध्ये ऑप्शन जोडरेघेने सुरू होतो आणि तिरकी रेघ फोल्डरच्या पायऱ्या दाखवते. डेक कंपनीच्या जुन्या यंत्रांवर ऑप्शनची खूण तिरकी रेघ होती आणि ती एमएस-डॉसपर्यंत आली. १९८१ मध्ये डॉस आले तेव्हा त्यात फोल्डरच्या आत फोल्डर ही सोयच नव्हती, त्यामुळे तिरक्या रेघेवर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती जागा आधीच गेलेली होती, म्हणून पत्त्यासाठी उलटी तिरकी रेघ घ्यावी लागली. दोन वर्षांचा हा क्रम उलटा असता तर जगातल्या कित्येक प्रोग्रामरांचे कष्ट वाचले असते.

गोव्यातल्या माणसाला या भांडणाची झळ एका खास जागी लागते, ती म्हणजे सर्व्हे क्रमांक. आपल्याकडे सर्व्हे आणि उपविभाग '४५/२' असा लिहितात. विंडोजच्या शेलमधल्या अंगभूत कमांडना तिरक्या रेघेआधी रिकामी जागासुद्धा लागत नाही. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'डीआयआर' या कमांडला कोणी ४५/२ असे दिले तर ती '२' हा चुकीचा स्विच (म्हणजे ऑप्शन) आहे अशी तक्रार करते. उलट बाजूने, विंडोजवर युनिक्सची हत्यारे वापरता यावीत म्हणून गिट बॅश घेतले, तर ते तिरक्या रेघेने सुरू होणारा शब्द पत्ता समजून त्याचे भाषांतर करून टाकते. विंडोजच्या शेलला तेथून /सी हा साधा ऑप्शन द्यायचा तर तो सी ड्राइव्हचा पत्ता बनतो, आणि तो टाळण्यासाठी लोक दोन तिरक्या रेघा लिहितात. एकाच यंत्रावर, एकाच खिडकीत, एका चिन्हाचे तीन अर्थ.

म्हणून विंडोजवर चालणाऱ्या नव्या प्रोग्रामांनीही ऑप्शनसाठी तिरकी रेघ वापरणे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'ज्या गावात जावे तेथली रीत पाळावी' हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे आणि बटणे, मेनू, खिडक्या यांच्या बाबतीत तो मला मान्य आहे. पण कमांड लाइनवरचा ऑप्शन फक्त माणूस वाचत नाही. तो स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपोआप चालवायच्या कमांडच्या फाइलीत, लिहिला जातो, हस्तपुस्तिकेत छापला जातो, फोनवरून सांगितला जातो. तीन ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तीन हस्तपुस्तिका लिहिण्याची ऐपत कोणत्याही पंचायतीची नाही. शिवाय ज्या गावाची रीत म्हणून हे सांगितले जाते, त्या गावानेच वाट बदलली आहे: मायक्रोसॉफ्टचे 'डॉटनेट' आणि 'विनगेट' हे अलीकडचे प्रोग्राम दोन जोडरेघांचे लांब ऑप्शन घेतात, आणि पॉवरशेल हा त्यांचा नवा शेल एका जोडरेघेचे.

जोडरेघ घेतली की सगळे मिटले, असेही नाही, आणि येथे युनिक्सप्रेमी मंडळींनी थोडे नमते घेतले पाहिजे. ऑप्शन वाचणारे 'गेटऑप्ट' हे फंक्शन बेल लॅब्समध्ये तयार झाले आणि एटी अँड टी कंपनीने १९८५ मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला केला. पुढे १९९२ च्या पोझिक्स या युनिक्ससाठीच्या मानकात ऑप्शन कसे लिहावेत याचे मार्गदर्शक नियम आले: एक अक्षरी ऑप्शन, त्याला लागणारी किंमत (म्हणजे त्याच्यासोबत द्यायची माहिती), आणि 'येथे ऑप्शन संपले' असे सांगणारी दोन जोडरेघांची -- ही खूण. लांब नावांचे ऑप्शन जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने रूढ केले. मानक असूनही टार, डीडी, फाइंड हे म्हातारे प्रोग्राम आपल्याच रीतीने चालतात आणि त्यांना आता कोणी काही म्हणत नाही. अधिक त्रासाचे आहेत ते वरून सारखे दिसणारे फरक. मजकुरात बदल करणारा 'सेड' लिनक्सवर आणि मॅकवर दोन्हीकडे असतो. फाइल जागच्या जागी बदलण्याचा -आय हा ऑप्शन दोन्हीकडे आहे, पण मॅकवर त्यापुढे जुन्या प्रतीचे शेपूट काय असावे हे सांगावेच लागते, नको असेल तर रिकामी अवतरणचिन्हे द्यावी लागतात. लिनक्सवर ती रिकामी अवतरणचिन्हे दिली तर तीच त्याला करायच्या कामाची सूचना वाटते आणि खरी सूचना फाइलीचे नाव ठरते. जीएनयूचे प्रोग्राम फाइलीच्या नावानंतर आलेला ऑप्शनही उचलून घेतात; मॅकवरचा 'एलएस' त्याच जागी आलेल्या -एल या ऑप्शनला फाइल समजतो आणि ती सापडत नाही म्हणून सांगतो. जीएनयूला आपला उदारपणा आवरायला सांगायचे असेल तर त्यासाठी 'पोझिक्सली करेक्ट' नावाचे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग, आहे, आणि त्या नावातला खवचटपणा माझ्या मते मुद्दाम ठेवलेला आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना यातली सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट मात्र याहून साधी आहे. देवनागरीत लहान आणि मोठी अक्षरे नसतात. दूरच्या यंत्राशी जोडणाऱ्या 'एसएसएच'ला पोर्टचा क्रमांक लहान पी वापरून द्यायचा आणि त्याच कुटुंबातल्या, फाइली नेणाऱ्या 'एससीपी'ला मोठा पी वापरून, कारण तेथे लहान पीला फाइलीची मूळ वेळ जपण्याचे काम आधीच दिलेले आहे. हे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला समजावताना मला दर वर्षी ओशाळल्यासारखे होते. डॉसच्या परंपरेत लहान-मोठ्याचा भेद बहुधा मानत नाहीत. तेवढ्यापुरती ती परंपरा मला अधिक माणुसकीची वाटते.

एव्हाना वाचकाच्या मनात आले असेल, की देवनागरीचा प्रश्न मग वेगळाच असणार. तो वेगळा आहेच, आणि मला सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच घालवावासा वाटतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. म्हणजे फाइलीचे नाव देवनागरीत असणे हा येथे कोणाचा हट्ट नाही. आता विंडोजच्या आत कमांड लाइन युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचात, असते, तेथे देवनागरी सुखरूप पोहोचते. पण प्रोग्राम जुन्या पद्धतीने, म्हणजे एका बाइटाच्या अक्षरांच्या 'मेन' फंक्शनमधून ऑप्शन वाचत असेल, तर विंडोज ती ओळ यंत्राच्या जुन्या कोड पेजमध्ये, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या तक्त्यात, बदलून देते. आणि देवनागरीसाठी विंडोजने असे कोड पेज कधी ठेवलेच नाही. जे अक्षर बदलता येत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते. 'सावंत' या नावात युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हे आहेत: स, काना, व, अनुस्वार, त. 'गावकर' या नावातही पाच. दोन्ही फाइली प्रोग्रामला पाच प्रश्नचिन्हे म्हणून मिळतात. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी चालले असते, पण विंडोजमध्ये फाइलींच्या शोधात प्रश्नचिन्हाचा अर्थ 'येथे कोणतेही एक अक्षर' असा आहे. तेव्हा सावंतांची फाइल मागितली आणि प्रोग्रामने प्रश्नचिन्हांचा विस्तार केला, तर त्याच्या हाती गावकरांचीही लागू शकते. तो प्रोग्राम फाइली पुसणारा असेल तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रात) 'मला यूटीएफ-८ हवे', म्हणजे युनिकोडची बाइटांतली मांडणी हवी, असे जाहीर केले की हा सगळा प्रकार टळतो. दोन ओळींचे काम आहे. मी पाहिलेल्या स्थानिक प्रोग्रामांपैकी ज्यांनी ते केले होते, ते मोजायला एका हाताची बोटे पुरली.

मॅक आणि लिनक्सच्या सीमेवर देवनागरीची दुसरी अडचण उभी राहते आणि ती खास मराठीची आहे. 'गावकऱ्यांची यादी' या नावातला 'ऱ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आहे, पण तो 'र' अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही लिहिता येतो आणि मानकाप्रमाणे दोन्ही समान आहेत. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलपद्धती नाव साठवताना त्याचे असे तुकडे करून ठेवत असे. लिनक्स मात्र नावाकडे नुसते बाइट म्हणून पाहते. मॅकवरून आलेली यादी आणि लिनक्सवर टाइप केलेले नाव डोळ्यांना एकच दिसते, प्रोग्रामला वेगळे. तिसरी गंमत अशी, की काही कीबोर्डांवर हाच अर्धा 'ऱ' 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी उमटतो, आणि तो तर मानकाच्या लेखीही पहिल्या दोघांशी समान नाही. कागदावर एक शब्द, यंत्रात तीन. माझे मत असे, की ऑप्शन वाचणाऱ्या भागाने नाव जसे आले तसेच पुढे द्यावे, त्याला हात लावू नये; तुलना करायची वेळ येईल तेव्हाच दोन्ही बाजू एका रूपात आणाव्यात. नाव 'सुधारून' पुढे देणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. ते फाइल उघडायला जातात आणि त्या सुधारलेल्या नावाची फाइल जगात नसते.

येथवर सांगितलेले सगळे गैरसोयीचे प्रकार झाले. सुरक्षिततेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावर दुमत असण्याचे कारण नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'बॅटबॅडबट' या नावाने एक दोष उघडकीस आला: विंडोजवर बॅच फाइल (कमांडची फाइल) चालवताना रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची प्रमाण लायब्ररी ऑप्शनची यादी एका ओळीत बांधताना विंडोजच्या शेलचे नियम पुरते पाळत नव्हती, त्यामुळे बाहेरून आलेल्या मजकुरातून कोणालाही आपली कमांड घुसवता येत होती. रस्टमध्ये त्याची तीव्रता दहापैकी दहा नोंदली गेली आणि १.७७.२ या आवृत्तीत दुरुस्ती आली. आणखीही काही भाषांना तोच दोष होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेत असे आढळले, की काही भाषांच्या विंडोजवर न दिसणारी 'मऊ' जोडरेघ रूपांतराच्या नियमाने खरी जोडरेघ बनते, आणि २०१२ मध्ये जोडरेघेवर बसवलेला पहारा त्यामुळे चुकवता येतो. बाहेरच्या माणसाने पाठवलेली माहिती सर्व्हरवर ऑप्शन होऊन बसत होती. मी वर म्हटले त्या हुकूम आणि माहिती यांच्या गल्लतीचे याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही. रस्टचा प्रसंग मला विशेष बोचतो, कारण 'सलग ओळ बांधू नका, यादी द्या' हा सल्ला मी सगळ्यांना देत असतो आणि यादी देणारेच तेथे फसले होते. सल्ला तरीही बरोबर आहे. फक्त यादीच्या खाली विंडोजवर शेवटी एक ओळच असते, हे विसरून चालत नाही.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की आता कमांड लाइन वापरतो कोण, सगळे काम माउसने होते. हे म्हणणाऱ्याने आपल्या संस्थेत रात्री बॅकअप कसा निघतो ते विचारून पाहावे. ठरल्या वेळी आपोआप चालणारे बरेचसे काम आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याला मारलेली बहुतेक हाक कमांड लाइनच असते. ती कोणाला दिसत नाही एवढेच. दिसत नसल्यामुळे तिच्यातली चूक सकाळी, रांग लागल्यावर कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोट्या राज्यातल्या छोट्या कामासाठी, थोड्या पैशांत, एखादा तरुण पोरगा प्रोग्राम लिहून देतो. त्याच्यावर मानकांचे ओझे कशाला? मी स्वतः असाच पोरगा होतो, म्हणून या आक्षेपाबद्दल मला सहानुभूती आहे. पण ओझे असते ते ऑप्शन वाचण्याचा भाग हाताने लिहिण्याचे. पायथॉनमध्ये ऑप्शन वाचणारी 'आर्गपार्स' ही लायब्ररी भाषेबरोबरच येते, इतर भाषांतही अशा तयार लायब्ररी आहेत, आणि त्या वापरल्या की दोन जोडरेघांची खूण, --हेल्प, चुकलेल्या ऑप्शनवर नीट संदेश, हे सगळे फुकट मिळते. त्यातली एकच सोय मी आवर्जून बंद करायला सांगतो: लांब ऑप्शनचे अर्धवट नाव चालवून घेण्याची. आज कोणी स्क्रिप्टमध्ये आळसाने अर्धे नाव लिहिले आणि पुढच्या वर्षी त्याच अक्षरांनी सुरू होणारा नवा ऑप्शन आला, तर ती स्क्रिप्ट बंद पडते आणि का पडली हे शोधायला दुपार जाते. 'आर्गपार्स'मध्ये ही सोय आपोआप चालू असते, ती 'अलाऊ अब्रेव्ह' या सेटिंगने बंद करता येते.

शिक्षणाचाही थोडा भाग आहे. आपल्या शाळांत सहावीपासून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना राज्य सरकारने आणली, ते चांगलेच झाले. ठोकळे जुळवून प्रोग्राम करणारी मुले पुढे महाविद्यालयात येतात तेव्हा कमांड लाइनशी त्यांची पहिली भेट पुष्कळदा वर्डमध्ये टाइप केलेल्या एका हस्तपत्रकातून होते. वर्ड दोन जोडरेघा दिसल्या की त्यांची एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतो. मुलगी ती ओळ उचलून टर्मिनलमध्ये चिकटवते, प्रोग्राम म्हणतो असा ऑप्शन नाही किंवा अशी फाइल नाही, आणि मुलगी समजते की आपल्याला हे जमणार नाही. पॉवरशेल आपल्या स्वतःच्या कमांडपुरत्या या लांब रेघाही जोडरेघ म्हणून स्वीकारतो. बाकी कोणी स्वीकारत नाही. हस्तपत्रके साध्या मजकुराच्या फाइलीत द्यावीत, ही मागणी मी एका शिक्षकांच्या बैठकीत केली तेव्हा हशा पिकला होता. मी अजूनही ती मागे घेतलेली नाही.

ऑप्शनची नावेच मराठीत का करू नयेत, असेही कोणी विचारते. मला ते नको वाटते. स्क्रिप्टमध्ये लिहिलेले नाव पणजीपासून पुण्यापर्यंत आणि तेथून पुढे कोठेही तसेच चालले पाहिजे. मदतीचा मजकूर आणि चुकीचे संदेश मात्र मराठीत आणि कोकणीत असलेच पाहिजेत. संदेशांचे भाषांतर करण्यासाठी 'गेटटेक्स्ट'सारखी साधने कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहेत. त्या पहिल्या संध्याकाळी संदेश इंग्रजी आणि दिशाभूल करणारा होता. 'फाइलीच्या नावात & आहे, ते मी वाचू शकलो नाही' असे तो मराठीत म्हणाला असता तर फोन माझ्याकडे लगेच आला असता, दोन दिवसांनी आला नसता.

केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. त्यांच्या आधारे निविदेत चार ओळी घालणे कोणत्याही खात्याला जड नाही: ऑप्शन तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर एकाच नावाने आणि जोडरेघेने असावेत, -- या खुणेनंतर आलेला प्रत्येक शब्द माहितीच मानावा, तो जोडरेघेने सुरू होत असला तरी, दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारताना यादी द्यावी, शेलला सलग ओळ देऊ नये, आणि देवनागरी नावे तिन्हीकडे अक्षरशः जशीच्या तशी राहावीत.

या अटी पाळल्या की नाहीत हे तपासायला तज्ज्ञ समिती लागत नाही. मी त्या कारकुनांना नावे बदलायला सांगितले नाही. प्रोग्राम बदलला, आणि त्यांच्याच मदतीने एक चाचणीचे फोल्डर तयार केले. त्यात आठ रिकाम्या फाइली आहेत. एकीच्या नावात & आहे, एकीत दोन रिकाम्या जागा, एकीत टक्क्याचे चिन्ह; एक जोडरेघेने सुरू होते आणि दिसायला थेट सगळे पुसून टाकणाऱ्या ऑप्शनसारखी आहे; 'सावंत' आणि 'गावकर' शेजारी शेजारी आहेत; 'गावकऱ्यांची यादी' दोनदा आहे, दोन प्रकारच्या 'ऱ'ने लिहिलेली. तिरक्या रेघेची फाइल तिन्हीकडे बनवताच येत नाही, म्हणून ४५/२ हा क्रमांक वेगळा, ऑप्शनची किंमत म्हणून द्यावा लागतो. नवा प्रोग्राम घेऊन कोणी आले की संस्थेत आता हे फोल्डर पुढे केले जाते. आठच्या आठ फाइली आधी विंडोजवर आणि मग लिनक्सवर व्यवस्थित लागल्या, तरच बिलावर सही होते.